मुक्कामाची गाडी

संध्याकाळचे साडेसात वाजलेत, पाटण स्टँडवरची गर्दी ओसरलीय आणि फलाटाला ही लाल गाडी लागलीय. मुक्कामाची गाडी. म्हणजे ही आता कोयनेच्या खोऱ्यातल्या शेवटच्या गावाला जाणार, रात्री तिथंच थांबणार आणि सकाळी सहाला तिथनंच माघारी निघणार. आणि हे आपले कंडक्टर काका, नोकरीला सव्वीस वर्षं झाली.

आम्ही विचारलं, काका, तेच खड्डे, तेच थांबे, कंटाळा येत नाही का?

"येतो की. पण फाट्यावर बॅटरी दिसली की जातो."

बॅटरीचं काय ते कळेल, थोडं थांबा.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला गेली. काका कामाला लागले तेव्हा ॲल्युमिनियमचा ट्रे असायचा, त्यात रंगीत तिकिटांचे गठ्ठे आणि हातात पंच. आता मशीन आलं, फोनवरून पैसे आले, सुट्ट्यांवरनं होणारी भांडणं कमी झाली, पण त्यांचा उजवा हात बघा, तिकीट विचारताना हातातला पेन दांड्यावर टकटक वाजतोच, पंच वाजायचा तसाच. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी 75 च्या पुढच्यांना फुकट, तेव्हापासून म्हणे आज्या लेकीकडं जास्त वेळा जायला लागल्या, आणि हे सांगताना काकांचा चेहरा असा खुलतो की जणू सवलत त्यांनीच दिलीय.

सगळं गोड नाहीये. 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर संप सुरू झाला तो पाच महिन्यांच्या वर चालला, तेव्हा घर कसं चाललं ते बायकोलाच माहीत असं ते म्हणतात आणि विषय बदलतात. पण त्या दिवसांत गावातनं फोन यायचे, काका गाडी कधी सुरू होणार, आमच्या पोरीची शाळा बुडतीय. ते फोन त्यांनी मनात जपून ठेवलेत. आम्हाला मनापासून वाटतं, माणसाला कामात पगाराइतकंच हेही लागतं, की कुणीतरी आपली वाट बघतंय.

आणि ही बघा बॅटरी. काळोखात फाट्यावर एक म्हातारबा उभे आहेत, सून पाटणला कापडाच्या दुकानात कामाला जाते, तिला न्यायला रोज येतात. ती उतरते, म्हातारबा बॅटरी काकांच्या तोंडावर मारतात, "आलास व्हय रं." झालं, एवढंच बोलणं.

नऊच्या सुमारास गाव येतं. ग्रामपंचायतीच्या खोलीत सतरंजी टाकलेली असते, शेजारच्या घरातनं तांदळाची भाकरी आणि कालवण येतं, मग काका चष्मा लावून वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरतात, नाण्यांच्या चवड्या लावतात. आज आठ रुपये कमी पडले, ते खिशातनं घालतात आणि ड्रायव्हर भाऊंकडं बघून नुसतं हसतात.

पहाटे धुकं आहे. सहा वाजले, शाळेच्या पोरी पास दाखवून बसल्या, ड्रायव्हर भाऊंनी गाडी चालू केली, पण काकांनी बेल मारलेली नाही. ते दारात उभे राहून बोळाकडं बघतायत, सात पोरी पाहिजेत आणि सहाच आल्यात.

बोळातनं एक वेणी घातलेली, एक सुटलेली, तोंडात रिबन धरलेली पोरगी पळत येते.

"सावकाश, पडशील!"

मग डबल बेल.