दोन पुरुष बर्फ आणि रोजचा संसार

श्रोतेहो, नमस्कार.

जपानचा नकाशा जरा डोळ्यांसमोर आणा. होन्शू हे त्यातलं सर्वांत मोठं बेट. टोक्यो त्याच्या पूर्व बाजूला, प्रशांत महासागराकडे तोंड करून बसलेलं. पलीकडच्या, म्हणजे जपानच्या समुद्राच्या बाजूला तोयामा, निईगाता, यामागाता, आकिता, आओमोरी असे प्रांत लागतात. आज बोलायचंय ते या पलीकडच्या लोकांबद्दल. कडाक्याची थंडी पडणारे मुलूख जगात पुष्कळ आहेत. पण भरवस्तीवर, नांदत्या शहरांवर इतका बर्फ पडतो अशा जागा फार थोड्या.

इतका म्हणजे किती? निईगाता प्रांतात ताकादा नावाचं जुनं गाव आहे. उंच डोंगरावर वगैरे नाही, समुद्राजवळच्या सपाटीवर. तिथे फेब्रुवारी १९४५ मध्ये जमिनीवर साचलेला बर्फ ३७७ सेंटिमीटर भरला. म्हणजे दोन पुरुष उंच! खालचा मजला गडप, आणि जाणं-येणं वरच्या मजल्याच्या खिडकीतून. इबुकी डोंगरावर १९२७ साली तर ११८२ सेंटिमीटर बर्फ मोजला गेला, आणि ही नोंद जगातली सर्वांत मोठी मानली जाते.

याचं कारण वाऱ्यात आहे. हिवाळ्यात सैबेरियावरून गार, कोरडा वारा सुटतो. वाटेत जपानचा समुद्र लागतो, आणि त्यात दक्षिणेकडून आलेला त्सुशिमा नावाचा कोमट प्रवाह असतो. वारा तिथे पोटभर पाणी पितो, होन्शूच्या मधोमध उभ्या असलेल्या डोंगररांगेला येऊन धडकतो आणि सगळं ओझं तिथेच टाकून देतो. डोंगरापलीकडे टोक्योत मात्र लख्ख ऊन. मधे शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनचा बावीस किलोमीटरचा बोगदा आहे. त्याच्या एका तोंडाशी वाळत घातलेले कपडे आणि दुसऱ्या तोंडाशी छत्र्या, असं हिवाळ्यात नेहमीचंच.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. इथलं तापमान शून्याच्या आसपासच घुटमळतं, त्यामुळे बर्फ ओलसर आणि जड असतो. भुरभुरत येतो तेव्हा हलका वाटतो, पण साचून दबला की एका घनमीटरचं वजन तीनशे किलोच्या घरात जातं. शंभर चौरस मीटरच्या छपरावर मीटरभर बर्फ साचला, तर घराच्या डोक्यावर तीस टन! हा हिशेब तिथल्या प्रत्येक घरातल्या माणसाला पाठ असतो. बर्फाच्या सौंदर्यावर भरभरून बोलणाऱ्यांना तो बहुधा ठाऊक नसतो, असं माझं मत आहे.

कोकणात पावसाआधी जशी आगोटीची तयारी चालते, तशी या भागात नोव्हेंबरात लगबग सुरू होते. खिडक्यांवर बाहेरून फळ्या ठोकायच्या, नाहीतर बर्फाच्या दाबाने काचा फुटतात. बागेतली झाडं बांधायची. पाइनच्या झाडाशेजारी उंच खांब रोवून त्याच्या शेंड्यापासून एकेका फांदीला दोर बांधतात, म्हणजे फांदी ओझ्याने मोडत नाही. कानाझावाच्या केनरोकुएन बागेत हे काम दरवर्षी १ नोव्हेंबरला सुरू होतं आणि बघायला गर्दी लोटते. काम चाललंय फांद्या वाचवण्याचं, पण त्या ताणलेल्या दोरांच्या छत्र्या इतक्या देखण्या दिसतात की शोभेसाठीच केल्यात असं वाटावं. रस्त्यावरचे सिग्नलही इथे आडवे नसून उभे. आडव्यावर बर्फ साचून बसतो.

ताकादामध्ये घरांची वळचण थेट पदपथावर ओढून घेतलेली आहे. एका घराची पडवी संपते तिथे शेजारच्या घराची सुरू होते, आणि अशी ओळ गल्लीच्या टोकापर्यंत जाते. बाहेर कितीही बर्फ पडो, माणूस कोरड्या पायाने दुकानापर्यंत जातो. यातली खरी गंमत अशी की ती पट्टी सरकारची नाही. ज्याच्या त्याच्या मालकीची जागा, ज्याने त्याने आपल्या दारापुढची सर्वांसाठी मोकळी सोडलेली. वीतभर जागेवरून कोर्टात जाणाऱ्यांनी हे एकदा जाऊन पाहावं.

पण श्रोतेहो, बर्फ बाजूला सारणं सोपं. तो टाकायचा कुठे, हा खरा प्रश्न. दोन्ही बाजूंना घरं, मधे अरुंद रस्ता, आणि प्रत्येकाच्या दारातला ढीग. त्यावर कित्येक गावांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. रस्त्याच्या कडेने झाकलेलं गटार, त्यात नदीचं वाहतं पाणी सोडलेलं. झाकण उचलायचं, बर्फ लोटायचा, पाणी तो वाहून नेतं. फक्त सगळ्यांनी एकदम लोटला तर गटार तुंबणार आणि खालच्या आळीत पाणी शिरणार. म्हणून वेळा वाटून दिलेल्या असतात. या आळीची सकाळची वेळ, त्या आळीची दुपारची. ठरल्या वेळी सगळी आळी बाहेर येते. हातात रुंद, सुपासारखं ढकलायचं फावडं. त्याला तिथे ‘मामासान डंप’ म्हणतात, घरातल्या बाईलाही झेपावं म्हणून केलेलं. तासभर फावडी चालतात आणि गप्पाही. हिवाळ्यात दार बंद करून बसलेल्या शेजाऱ्याची खबरबात याच वेळी कळते.

नागाओका शहराने वेगळी वाट काढली. साठच्या दशकात तिथे रस्त्याच्या मधोमध पाइप पुरून जमिनीतल्या पाण्याचे फवारे सुरू झाले. भूजल हिवाळ्यातही दहा अंशांहून जास्त असतं, त्यामुळे बर्फ पडल्या पडल्या वितळतो. कल्पना झकास, आणि ती सगळीकडे पसरली. पण त्याची किंमतही मोजावी लागली. पाण्यातल्या लोहामुळे रस्ते तांबूस झाले, हे एक वेळ चालेल. पाण्याचा उपसा वाढून काही ठिकाणी जमीन खचू लागली, तेव्हा मात्र फवारे गरजेपुरतेच चालवायचे नियम आले.

आता छपराकडे येऊ. दरवर्षी माणसं जातात ती मुख्यतः इथे. २००५-०६ च्या हिवाळ्यात जपानभर बर्फामुळे १५२ माणसं दगावली. बहुतेक पासष्टीच्या पुढची होती, आणि कित्येकांचा जीव गेला तो बर्फ उपसताना. तरुण पोरं टोक्योला गेलेली, घरात म्हातारा-म्हातारी, आणि डोक्यावर तेच तीस टन. चढणार कोण?

म्हणून जाणती माणसं काही गोष्टी पुन्हा पुन्हा बजावतात. छपरावर एकट्याने चढायचं नाही, खाली कुणीतरी हवंच. कमरेला दोर, डोक्यावर हेल्मेट. शिडी बांधलेली असावी. सगळा बर्फ खरवडून काढायचा नाही, वीतभर थर राहू द्यायचा, नाहीतर उघड्या पत्र्यावरून पाय सटकलाच. आणि बर्फ थांबून छान ऊन पडलं की जास्त जपायचं. मोह होतो तो त्याच दिवशी, आणि खालून सुटलेला बर्फ घसरतो तोही त्याच दिवशी. हल्ली बाहेरून येणाऱ्या तरुणांना हे काम शिकवण्याची शिबिरंही भरतात. बर्फ कसा उपसायचा ते शिकायला लोक सुट्टी टाकून येतात, हे ऐकून मी आधी हसलो होतो. फावडं पाठीने नाही, गुडघ्यांत वाकून उचलायचं आणि एका वेळी थोडाच बर्फ घ्यायचा, एवढं समजायलाही कुणीतरी दाखवावं लागतं. पहाटेच्या गारठ्यात अंथरुणातून उठून थेट फावडं हाणणं तर हृदयाला घातकच.

गाडीचंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये कानएत्सू द्रुतगती मार्गावर दोन हजारांहून अधिक गाड्या बर्फात अडकल्या, आणि मार्ग मोकळा व्हायला दोन दिवसांहून जास्त लागले. अशा वेळी धोका थंडीइतकाच धुराचा असतो. मागचा धुराचा पाइप बर्फात बुजला आणि इंजिन चालूच राहिलं, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्यामुळे इंजिन शक्यतो बंद, आणि चालू ठेवायचंच असेल तर दर थोड्या वेळाने उतरून पाइपभोवतीचा बर्फ काढायचा. गाडीत फावडं आणि पांघरूण असायलाच हवं.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग माणसं राहतात कशाला तिथे? पण याच बर्फावर त्यांचं पुष्कळसं काही उभं आहे. वसंतात वितळलेल्या पाण्यावर उओनुमाचा तो नावाजलेला तांदूळ पिकतो. त्सुनान गावातले शेतकरी गाजरं मुद्दाम बर्फाखाली ठेवतात आणि वसंताच्या तोंडाशी उकरून काढतात. गोठू नये म्हणून गाजर आपल्यात साखर वाढवतं आणि चांगलंच गोड होतं. ओजिया भागात रॅमी नावाच्या झाडाच्या धाग्याचं तलम कापड विणतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ते बर्फावर पसरून उजळवतात. या कलेला २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. पांढऱ्याशुभ्र शेतात कापडाच्या लांबच लांब पट्ट्या, आणि आसपास वाकून काम करणाऱ्या बाया.

खेळाचं म्हणाल, तर ताकादाच्याच एका टेकडीवर जानेवारी १९११ मध्ये थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने जपानी सैनिकांना स्कीइंग शिकवलं, एकाच लांब काठीचं. बर्फातून हालचाल कशी करावी यासाठी आणलेली ती विद्या बघता बघता गावाच्या हौसेची झाली. साप्पोरोचा जगप्रसिद्ध हिमोत्सव १९५० मध्ये सुरू झाला तो शाळकरी मुलांनी बागेत केलेल्या सहा पुतळ्यांपासून. मला मात्र त्या भल्यामोठ्या पुतळ्यांपेक्षा आकिता प्रांतातल्या योकोते गावचा उत्सव जास्त भावतो. फेब्रुवारीच्या मध्याला तिथे बर्फाचा ढीग आतून कोरून खोल्या करतात. आत जलदेवतेचं छोटं देवघर, शेगडी, सतरंजी. पोरं आत बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारतात, देवाला नमस्कार करायला लावतात, तांदळाचं गोडसर गरम पेय हातात देतात. दोन महिने थोरांनी ज्याच्याशी झगडा केला, त्याचंच पोरांनी घर केलेलं.

तुमच्यापैकी कुणाला हे पाहायला जायचं असेल, तर जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. थंडी सोसवत नसेल त्यांनी एप्रिलच्या उत्तरार्धात तातेयामाच्या डोंगररस्त्यावर जावं. तिथे रस्ता कोरून काढलेला असतो आणि दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. चांगल्या वर्षी त्यांची उंची वीस मीटरच्या आसपास जाते आणि मधून बस धावते. कोटावर कितीही खर्च करा, पण आधी खोल खाचांच्या तळव्याचे बूट घ्या. चालताना हात खिशाबाहेर, पावलं छोटी, तळवा पूर्ण टेकवून. आणि वळचणीला लोंबणारे बर्फाचे सुळे कितीही सुंदर दिसोत, त्यांच्याखाली उभं राहून फोटो काढू नका. वरचा बर्फ कधी सुटेल ते घरमालकालाही सांगता येत नाही.

नमस्कार.