उशिरा पोहोचलेलं संप्रेरक

श्रोतेहो, नमस्कार.

वय झालं की मेंदूतल्या पेशी मरत जातात आणि म्हणून विसरायला होतं, असं आपण धरूनच चालतो. म्हाताऱ्या उंदरांवरच्या अभ्यासानं या समजाला चांगलाच धक्का दिला आहे. हिप्पोकॅम्पस हा आठवणी घडवणारा मेंदूचा भाग. पीटर रॅप आणि मिशेला गॅलाघर यांनी १९९६ साली वाट विसरणाऱ्या म्हाताऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या मुख्य चेतापेशी मोजल्या. त्या तरुण उंदरांइतक्याच भरल्या. पेशी जागेवर होत्या, तरी वाट आठवत नव्हती.

तेव्हा पाहायला हवं ते पेशींच्या फांद्यांकडे. या फांद्यांवर बाभळीच्या काट्यांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञानं १८८८ मध्ये पक्ष्यांच्या मेंदूत ते प्रथम ओळखले. शेजारच्या पेशीनं पाठवलेला, चेतवणारा निरोप बहुतेक वेळा या काट्यांवरच उतरतो. काटे नवे फुटतात, जाड होतात, नाहीसेही होतात. मेंदूची लवचिकता म्हणतो, तिचा मोठा भाग या घडामोडीत आहे.

१९९० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कॅथरीन वूली, एलिझाबेथ गूल्ड आणि ब्रूस मॅकइवन यांनी उंदरांच्या माद्यांमध्ये हे काटे मोजले. या मादीचं ऋतुचक्र अवघं चार-पाच दिवसांचं. इस्ट्रोजेन हे अंडाशयात बनणारं संप्रेरक शिगेला पोहोचतं त्या टप्प्यावर हिप्पोकॅम्पसमधले काटे दाट होते, आणि त्यानंतर साधारण चोवीस तासांत ते सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. मादीला काही शिकवलेलं नव्हतं, तिला इजा झालेली नव्हती. फक्त रक्तातलं संप्रेरक चढलं आणि उतरलं होतं. मोठेपणी मेंदूची घडण बदलत नाही अशी समजूत तेव्हा फार पक्की होती. मला तरी हा निष्कर्ष आजही थरारून टाकतो.

आता प्रश्न असा, की इस्ट्रोजेन कायमचं ओसरल्यावर काय होतं? इथे उंदीर आपल्याला अर्धीच साथ देतो. मध्यम वयात मादीचं चक्र अनियमित होतं, पण अंडाशय बराच काळ थोडंफार इस्ट्रोजेन बनवतच राहतात. बायकांची पाळी जाते तसं तिथे घडत नाही. ऱ्हीसस माकडिणींचं चक्र मात्र आपल्यासारखं सुमारे २८ दिवसांचं असतं आणि उतारवयात ते थांबतंही.

म्हणून रॅप आणि जॉन मॉरिसन यांनी अंडाशय काढलेल्या म्हाताऱ्या माकडिणींवर काम केलं. त्यांची परीक्षा मोठी बोलकी आहे. माकडिणीच्या डोळ्यांदेखत दोन खळग्यांपैकी एकात खाऊ ठेवायचा, दोन्ही झाकायचे, मध्ये पडदा सोडायचा, काही सेकंद थांबायचं आणि मग तिला निवडू द्यायचं. म्हाताऱ्या माकडिणी इथे चुकतात. ज्यांना ठरावीक अंतरानं इस्ट्रोजेन दिलं, त्या मात्र पुष्कळ सावरल्या, आणि कपाळामागच्या मेंदूतले त्यांचे काटेही वाढले. ही २००३ पासून पुढच्या काही वर्षांतली गोष्ट.

मग प्रत्येकीला इस्ट्रोजेन द्यावं का? नेमकं इथे थबकायला हवं. रॉबर्ट गिब्ज यांनी २००० साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंडाशय काढल्यावर लगेच किंवा तीन महिन्यांत संप्रेरक सुरू केलं, तर माद्या नवी जागा चांगली शिकल्या. दहा महिने थांबून तेच सुरू केलं, तर उपयोग झाला नाही. दोन-तीन वर्षं जगणाऱ्या प्राण्याच्या आयुष्यात दहा महिने म्हणजे फार मोठा काळ.

अमेरिकेत ६५ आणि त्याहून मोठ्या वयाच्या साडेचार हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीनं दिलं जाणारं प्रोजेस्टिन हे दुसरं संप्रेरक एकत्र घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट आढळला. यातल्या बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. लवकर सुरू केलं तर स्त्रियांच्या स्मरणशक्तीला फायदा होतो, हेही यावरून सिद्ध होत नाही. माझ्या भगिनींनो, उंदीर-माकडांच्या गोष्टी ऐकून कृपा करून अशी गोळी स्वतःच्या मनानं सुरू करू नका, की बंदही करू नका. तुमच्या डॉक्टरांशी नीट बोला.

वेळेचं हे महत्त्व इस्ट्रोजेनपुरतं नाही. ताण आला की उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं; आपल्यात हेच काम कॉर्टिसॉल करतं. त्याचे ग्राहक-रेणू, म्हणजे ते टिपून घेणारे रेणू, हिप्पोकॅम्पसमध्ये भरपूर असतात, आणि हे संप्रेरक बनवणं थांबवण्यासाठी तिथूनही 'आता पुरे' असा इशारा जातो. म्हाताऱ्या उंदरांत ताण संपला तरी ही पातळी लवकर उतरत नाही.

कॅनडातल्या मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलेली गोष्ट मला याहून मोलाची वाटते. जन्मानंतरचे पहिले तीन आठवडे काही पिल्लांना रोज १५ मिनिटं आईपासून दूर करून परत ठेवलं. ही पिल्लं दोन वर्षांची, म्हणजे पार म्हातारी झाल्यावर त्यांचं कॉर्टिकोस्टेरॉन इतरांपेक्षा कमी होतं आणि त्यांना जागा जास्त चांगली आठवत होती. पुढे १९९७ मध्ये याच गटानं कारण शोधलं. परत आलेल्या पिल्लांना आई अधिक चाटते, आणि ज्यांना आईनं जास्त चाटलेलं असतं त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ताणाच्या संप्रेरकाचे ग्राहक-रेणू मोठेपणीही जास्त आढळतात. त्यामुळे तो 'पुरे'चा इशारा त्यांच्यात लवकर जातो.