आडवाटेने आलेला ठोका

पडद्यावर ईसीजीच्या दोन पट्ट्या आहेत. वरच्या पट्टीतील प्रत्येक शिखर सुईसारखे अरुंद आहे आणि ते साधारण ९० मिलिसेकंदांत संपते. खालच्या पट्टीत आधी एक बारीक उभी रेघ येते आणि तिला चिकटूनच एक रुंद, पसरट लाट उमटते. ती विरायला १६० मिलिसेकंद लागतात. दोन्हीकडे ठोके मिनिटाला ७० आहेत, त्यामुळे मनगटावर बोट ठेवून नाडी पाहिली तर काहीच फरक कळणार नाही. वरचा ठोका हृदयाने स्वतः दिलेला आहे आणि खालचा पेसमेकरने. या दोन ठोक्यांमधल्या ७० मिलिसेकंदांच्या फरकाचे ओझे हृदयाचा स्नायू वर्षानुवर्षे वाहतो, आणि काही जणांमध्ये तो त्याच ओझ्याखाली दुबळा होत जातो. या विकाराला पेसिंग-इंड्यूस्ड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे पेसिंगमुळे (यंत्राने दिलेल्या कृत्रिम ठोक्यांमुळे) होणारा हृदयस्नायूचा विकार, असे म्हणतात.

तो समजून घ्यायचा तर निरोगी ठोक्याची वाट आधी पाहावी लागते. उजव्या कर्णिकेतील (हृदयाच्या वरच्या कप्प्यातील) सायनस नोडमध्ये विजेचा संदेश उमटतो, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर थबकतो, तेथून हिस बंडलमध्ये उतरतो आणि उजव्या व डाव्या शाखांतून पर्किंजे तंतूंच्या जाळ्यात पसरतो. सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने १९०६ साली ही सारी रचना जोडून दाखवली, आणि तिला झाडाची उपमा दिली जाते ती योग्यच आहे: एक खोड, दोन फांद्या आणि अगणित डहाळ्या. या तंतूंमधून संदेश सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने धावतो, त्यामुळे डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) सगळ्या भिंती जवळजवळ एकाच क्षणी आकुंचन पावतात आणि रक्त एका दमात महारोहिणीत ढकलले जाते.

ही वाट मध्येच तुटली की हार्ट ब्लॉक होतो. येथे एक खुलासा केलाच पाहिजे, कारण ‘ब्लॉक’ हा शब्द ऐकताच बहुतेकांना रक्तवाहिनीतील अडथळा आठवतो आणि अँजिओप्लास्टी करूनही पेसमेकर कशाला, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. रक्तवाहिनीतील अडथळा रक्ताचा असतो, हार्ट ब्लॉकमधील अडथळा विजेचा असतो, आणि दोन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत. पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये ठोके मिनिटाला ३०-४० पर्यंत घसरतात, माणूस चालता चालता कोसळतो, आणि अशा वेळी पेसमेकर जीव वाचवतो. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात बसवला. तो काही तासांतच बंद पडला, पण लार्सन यांना पुढे एकामागून एक अनेक पेसमेकर बसवण्यात आले आणि ते २००१ सालापर्यंत, म्हणजे ८६ वर्षांचे होईपर्यंत जगले. या यंत्राचे मोल किती आहे हे आधी सांगूनच पुढचे सांगणे योग्य ठरेल.

पेसमेकरची वायर शिरेतून उजव्या जवनिकेत उतरवली जाते आणि अनेक दशके तिचे टोक जवनिकेच्या अगदी तळाशी रोवले जात असे. तेथे पोहोचणे सोपे असते आणि स्नायूंच्या जाळीत वायर घट्ट बसते. अडचण इतकीच की विजेचा महामार्ग त्या जागी नाही. तेथून निघालेल्या संदेशाला साध्या स्नायूतून, पेशीकडून पेशीकडे, सेकंदाला एक मीटरपेक्षाही कमी वेगाने सरकावे लागते. पलीकडच्या डाव्या भिंतीपर्यंत तो आडवाटेने आणि उशिरा पोहोचतो.

आता हृदयाच्या आत जवळून पाहू या. दोन जवनिकांमधील पडदा आधी आकुंचतो, पण समोरची भिंत अजून सैल असते, त्यामुळे पडद्याचा जोर रक्त बाहेर टाकण्याऐवजी त्या सैल भिंतीला ताणण्यातच खर्च होतो. मग ती ताणलेली भिंत उशिरा आकुंचते, तेव्हा आतला दाब वाढलेला असतो आणि पडदा मात्र सैल पडू लागलेला असतो. एका टोकाने ढकलावे आणि दुसऱ्याने ते झेलून वाया घालवावे, असा हा प्रकार प्रत्येक ठोक्याला, दिवसाला सुमारे एक लाख वेळा घडतो. उशिरा काम करणाऱ्या भिंतीवर जास्त भार पडून ती जाड होते, आधी आकुंचणाऱ्या पडद्याला काम कमी पडून तो पातळ होत जातो, जवनिका हळूहळू फुगते, आणि डाव्या कर्णिका-जवनिकेमधल्या मायट्रल झडपेला आधार देणारे स्नायू एकसाथ ओढ देईनासे झाल्याने ती झडपही गळू लागते. उजवीकडून दिलेल्या कृत्रिम ठोक्याने हृदयाची पंपशक्ती घटते, हे कार्ल विगर्स यांनी १९२५ सालीच प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले होते. पेसमेकर तेव्हा अस्तित्वातच नव्हता, म्हणून त्या निरीक्षणाचा अर्थ उमजायला जवळजवळ ८० वर्षे जावी लागली.

२००२ साली डेव्हिड नावाच्या चाचणीने वैद्यकविश्वाला जागे केले. डीफिब्रिलेटर (जीवघेणी लय शॉक देऊन थांबवणारे यंत्र) बसवलेल्या ५०६ रुग्णांपैकी ज्यांच्या हृदयाला यंत्र सतत ठोके देत होते, त्यांच्यात मृत्यूचे आणि हार्ट फेल्युअरमुळे (हृदयाची पंपशक्ती अपुरी पडल्यामुळे) रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण अधिक निघाले; ज्यांच्या यंत्राला फक्त गरज पडली तरच ठोका देण्यास सांगितले होते, ते रुग्ण अधिक बरे राहिले. जास्त ठोके म्हणजे जास्त मदत, हा समज तेथे मोडला.

पेसमेकर असलेल्या प्रत्येकाला हा विकार होत नाही, ही गोष्ट धीर देणारी आहे. वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये, काही वर्षांच्या काळात, जवनिकेत वारंवार पेसिंग होणाऱ्या शंभरांपैकी साधारण १० ते २० जणांत तो आढळला आहे. एकूण ठोक्यांपैकी २० टक्के किंवा त्याहून जास्त ठोके यंत्र उजव्या जवनिकेतून देत असेल तर धोका वाढतो. ईसीजीवरील लाट १५० मिलिसेकंदांहून रुंद असेल किंवा हृदयाची पंपशक्ती आधीपासूनच थोडी कमी असेल तर तो आणखी वाढतो. टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपशक्ती, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, दहा किंवा अधिक टक्क्यांनी घसरून ५० च्या खाली गेले आणि हृदयविकाराचा झटका, झडपेचा दोष किंवा अनियमित ठोके असे दुसरे कारण सापडले नाही, तर साधारणपणे हे निदान केले जाते.

लक्षणे मात्र फसवी असतात. जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी घोट्यांवर सूज येते, रात्री एका उशीवर झोपवत नाही, आणि घरातले म्हणतात की वय झाले, चालायचेच. रुग्ण दरवर्षी तपासणीला जातो. गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या डबीवर यंत्राचे वाचक टेकवले जाते, पडद्यावर बॅटरी किती वर्षे टिकेल आणि वायर ठीक आहे का हे दिसते, आणि ‘पेसमेकर उत्तम चालला आहे’ असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. त्यात खोटे काहीच नसते. पण त्याच पडद्यावर जवनिकेतील पेसिंगची टक्केवारीही लिहिलेली असते, आणि तो आकडा ९८ असूनही कित्येक वर्षांत एकही इको झालेला नसेल, तर यंत्राची तपासणी झाली आणि हृदयाची राहूनच गेली, असे म्हणावे लागते. ही उणीव आम्हाला सर्वांत जास्त खुपते, कारण ती भरून काढायला एक साधी, वेदनारहित सोनोग्राफी पुरते.

उपाय रुग्णागणिक बदलतात. ज्यांचा दोष फक्त सायनस नोडमध्ये आहे आणि खालची वाट शाबूत आहे, त्यांच्या यंत्राची मांडणी बदलून जवनिकेतील अनावश्यक ठोके टाळता येतात. पूर्ण हार्ट ब्लॉक असलेल्यांना मात्र प्रत्येक ठोका यंत्राकडूनच हवा असतो. तेथे ठोका कमी करता येत नाही, त्याची वाट बदलावी लागते. डाव्या जवनिकेवर आणखी एक वायर बसवून दोन्ही बाजूंनी एकदम ठोका देणे, हा त्याचा एक मार्ग आहे. २०१३ सालच्या ब्लॉक-एचएफ चाचणीत, पंपशक्ती ५० टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या ६९१ रुग्णांमध्ये, हा मार्ग केवळ उजवीकडून ठोका देण्यापेक्षा सरस ठरला. २०२३ सालच्या बुडापेस्ट चाचणीने तर आधीच हा त्रास सुरू झालेल्या ३६० रुग्णांचे यंत्र अशा रीतीने वाढवले तर हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल होण्याचा आणि मृत्यूचा धोका ठळकपणे घटतो, हे दाखवले.

दुसरा मार्ग अधिक थेट आहे. २००० साली देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हिस बंडलवरच कायमस्वरूपी पेसिंग करून दाखवले, आणि २०१७ साली चीनमध्ये हुआंग वेईजियान यांच्या चमूने वायर मधल्या पडद्यात खोल, स्क्रूसारखी फिरवत नेऊन डाव्या शाखेपर्यंत पोहोचवली. वायर नेमक्या जागी पोहोचली की ईसीजीवरची पसरट लाट तपासणी टेबलावरच आकसते आणि पुन्हा सुईसारखी होते. ते शिखर अरुंद होताना पाहणे हा डॉक्टरांच्या दृष्टीनेही विलक्षण क्षण असतो, कारण तुटलेल्या वाटेच्या पुढे, हृदयाच्या स्वतःच्याच महामार्गावर, ठोका परत चढलेला असतो.

हे ऐकून कोणीही घाबरून यंत्र बंद करण्याचा किंवा तपासणी टाळण्याचा विचार करू नये. यंत्रावर अवलंबून असलेल्या हृदयाचा ठोका थांबला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. विचार करायचा तो बॅटरी बदलण्याच्या आधी. काही वर्षांनी डबीची बॅटरी संपत येते, तेव्हा जुनी वायर तशीच ठेवून नवी डबी तिला जोडली जाते, आणि सारे काम साधारण तासाभरात उरकते. त्या तासाच्या काही आठवडे आधी इको झाला असेल आणि पेसिंगची टक्केवारी पाहिली असेल, तर पंपशक्ती घसरलेल्या रुग्णाला नवी वायर योग्य जागी बसवायची की नाही हे त्याच शस्त्रक्रियेत ठरवता येते. इको झालाच नसेल, तर नवी डबी पुढची दहा वर्षे त्याच आडवाटेने ठोके पाठवत राहते.