बोगदा कुठे संपवायचा? अ‍ॅकलेशिया आणि पोएम

अन्ननलिका ही साधारण 25 सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिच्या खालच्या टोकाला एक झडप असते. घास आला की ती सैल पडते आणि घास जठरात उतरला की पुन्हा आवळते. अ‍ॅकलेशियात झडप सैल करणाऱ्या मज्जापेशी नष्ट होतात. नळीच्या लाटा थांबतात आणि झडप मिटलेलीच राहते. वर्षाला लाखात साधारण एक नवा रुग्ण, एवढा हा आजार विरळा आहे. त्यामुळे 'ॲसिडिटी'च्या गोळ्यांवर रुग्णाची कित्येक वर्षं जातात. एक खूण लक्षात ठेवा : सुरुवातीपासून घन आणि पातळ दोन्ही अडकत असेल, पोळीइतकंच पाणीही, तर अ‍ॅकलेशियाचा विचार झालाच पाहिजे. कर्करोगात सहसा आधी घन पदार्थ अडकतो, पातळ नंतर.

मेलेल्या मज्जापेशी परत आणता येत नाहीत, त्यामुळे सगळे उपचार झडप ढिली करण्याचेच. जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी 1913 मध्ये बाहेरून स्नायू कापून दाखवला. पुढे तेच ऑपरेशन पोटाला छिद्रं पाडून दुर्बिणीने होऊ लागलं. दुसरा मार्ग 30 ते 40 मिलिमीटर व्यासाचा फुगा झडपेत फुगवून स्नायू फाडण्याचा. तिसरा मार्ग जपानमधला. हारुहिरो इनोऊए यांनी 2008 मध्ये पहिल्या रुग्णावर तोंडावाटे घातलेल्या एंडोस्कोपने स्नायू कापला आणि 2010 मध्ये 17 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पंकज पसरिचा आणि सहकाऱ्यांनी डुकरांवर ही वाट शक्य असल्याचं 2007 मध्ये दाखवलं होतं. या पद्धतीचं नाव पोएम.

यातली कल्पकता जागेच्या निवडीत आहे. नळीच्या आतून सरळ स्नायूवर सुरी चालवली तर अन्न आणि लाळ छातीच्या पोकळीत जातील. म्हणून अस्तराला छेद वर द्यायचा, अस्तर आणि स्नायू यांच्यामधल्या विरळ थरातून बोगदा करत खाली जायचं आणि स्नायू तिथे कापायचा. अस्तराचं छिद्र आणि स्नायूचा छेद समोरासमोर येत नाहीत, मध्ये अखंड अस्तराचा पडदा राहतो. पोएमची सगळी सुरक्षितता या पडद्यावर आहे.

आधी निदान पक्कं हवं. बेरियमच्या एक्स-रेत खालचं टोक निमुळतं दिसतं, रेडिओलॉजिस्ट त्याला 'पक्ष्याची चोच' म्हणतात. खरा निवाडा हाय-रिझोल्युशन मॅनोमेट्रीचा, म्हणजे अन्ननलिकेतला दाब जागोजागी मोजणाऱ्या तपासणीचा. तिच्यावरून तीन प्रकार ठरतात आणि प्रकारावर छेदाची लांबी ठरते. पहिल्या दोन प्रकारांत छेद आखूड चालतो. तिसऱ्या प्रकारात अन्ननलिका वरपर्यंत पेटके घेत असते, तिथे छेद लांब लागतो. छातीतल्या नळीवर इतका वरपर्यंत छेद पोटातून घातलेल्या दुर्बिणीला जमत नाही, एंडोस्कोपला जमतो. माझ्या मते तिसऱ्या प्रकारात पोएमला तोड नाही.

आता कृती. आदल्या एक-दोन दिवसांत फक्त पातळ आहार, कारण साचलेलं अन्न भुलीच्या वेळी फुप्फुसात जाऊ शकतं. एंडोस्कोप आत गेला की नळी धुऊन काढायची. बुरशीचे पांढरे चट्टे दिसले तर आधी औषध, पोएम पुढे ढकलायची. भूल पूर्ण आणि श्वासनलिकेत नळी घालूनच. अन्ननलिका फुगवायला हवा वापरायची नाही, कार्बन डायऑक्साइड वापरायचा. तो वायू रक्तात लवकर विरघळतो, हवेतला नायट्रोजन विरघळत नाही आणि छातीत अडकला तर फुप्फुस दाबतो. एंडोस्कोपच्या प्रोसेसरवरचा हवेचा पंप बंद आहे ना, हे दर वेळी कुणीतरी मोठ्याने विचारलं पाहिजे.

झडपेच्या साधारण 10 सेंटीमीटर वर, निळा रंग मिसळलेलं सलाइन अस्तराखाली टोचतात. अस्तर उचललं गेलं की दीड-दोन सेंटीमीटरचा उभा छेद देऊन एंडोस्कोप आत शिरवतात. टोकाला पारदर्शक टोपी असते, तिनेच जागा उघडी राहते. मग सलाइन टोचायचं, तंतू जाळून कापायचे, पुढे सरकायचं. बोगदा करताना सुरी स्नायूला चिकटून चालवायची, अस्तरापासून दूर. रक्तवाहिनी दिसली की आधी जाळायची, मग ओलांडायची. तरीही रक्त येऊन काही दिसेनासं झालं तर आंधळेपणाने जाळत सुटू नये. एंडोस्कोप बोगद्याबाहेर काढून नळीच्या आतून बोगद्यावर काही मिनिटं दाबून धरलं की बरंच रक्त थांबतं.

दिशा चुकणं ही नवख्यांची नेहमीची अडचण. वर्तुळाकार स्नायूचे तंतू बोगद्याला आडवे दिसले पाहिजेत. झडपेजवळ जागा आवळते आणि जठरात शिरताच अचानक मोकळी होते, रक्तवाहिन्याही वाढतात. खात्रीसाठी एंडोस्कोप जठरात नेऊन उलटा वळवून पाहायचा : अस्तराखाली निळा डाग दिसला तर बोगदा पुरेसा खाली पोहोचला. आधी फुगा किंवा बोटॉक्स (झडप ढिली करणारं इंजेक्शन) झालेल्या रुग्णात इथे तंतू चिकटलेले असतात, सलाइन टोचूनही अस्तर उचलत नाही. अस्तराला भोक पडण्याची धास्ती इथेच सर्वांत जास्त. पडलंच तर क्लिपने लगेच बंद करायचं. हेलर ऑपरेशन पुढून होतं, त्यामुळे ते झालेल्या रुग्णात बोगदा मागच्या भिंतीतून काढतात.

स्नायूचा छेद अस्तराच्या छेदाच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली सुरू करतात. शेवटी प्रवेशद्वार क्लिपांनी बंद. मधल्या काळात पोट ताठ झालं आणि श्वासयंत्राचा दाब चढला तर पोटात सुई घालून वायू सोडून देतात. दुसऱ्या दिवशीच्या सीटी स्कॅनमध्ये छातीत थोडा वायू दिसतो, गळ्याची कातडी दाबल्यावर कुरकुरते. एवढ्यावरून घाबरून नळ्या घालत बसू नये. ताप, वाढती छातीदुखी आणि बेरियमऐवजी दिलेल्या पाण्यात विरघळणाऱ्या डायची गळती, हे मात्र गंभीर.

परिणाम कसे? 2019 मध्ये 'जामा'त आलेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर पोएम 92 टक्के रुग्णांत यशस्वी होती, फुगा 54 टक्क्यांत. त्याच वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल'मधल्या 221 रुग्णांच्या चाचणीत पोएम 83 टक्के आणि हेलर 81.7 टक्के, म्हणजे बरोबरी. पण तीन महिन्यांनी अन्ननलिकेला आम्लाची सूज पोएमनंतर 57 टक्क्यांत आणि हेलरनंतर 20 टक्क्यांत दिसली. दोन वर्षांनी हे आकडे 44 आणि 29. यातला फरक समजण्यासारखा आहे : हेलरबरोबर सर्जन जठराचा भाग वळवून आम्ल अडवणारी घडी शिवतो, पोएममध्ये ती नसते.

म्हणूनच आज वाद कापायचं की नाही हा नाही, जठरात किती खाली कापायचं हा आहे. आखूड राहिलं तर घास अडकत राहतो. फार खाली गेलं तर जठराच्या वरच्या टोकाचे तिरपे तंतू तुटतात, आणि आम्ल वर येऊ नये म्हणून जो कोन असतो तो त्यांनीच धरलेला असतो. मागून बोगदा काढताना स्नायूतून बाहेर येणाऱ्या दोन ठळक रक्तवाहिन्या त्या तंतूंची कड दाखवतात. छेद त्यांच्या उजव्या बाजूने न्यावा, जठरात दोन सेंटीमीटरच्या आसपास थांबावा. एंडोफ्लिप नावाचा मापक फुगा टेबलावरच झडप किती ताणली जाते ते सांगतो, त्यामुळे 'अजून थोडं कापू' हा मोह आवरता येतो. इनोऊए यांच्या गटाने बोगद्यातूनच घडी घालण्याची पद्धतही मांडली आहे. पण ती अवघड आहे, सर्रास करण्याजोगी नाही.

पोएम झालेल्यांसाठी दोन सूचना. जळजळ नाही म्हणजे आम्ल वर येत नाही असं समजू नका, कित्येकांना सूज असूनही काही जाणवत नाही. डॉक्टरांनी दिलेली आम्लविरोधी गोळी स्वतःहून सोडू नका आणि सांगितलेल्या वेळी एंडोस्कोपी करून घ्या. दुसरं, झडप उघडली तरी नळीच्या लाटा बहुतेकांत परत येत नाहीत. अन्न मुख्यतः वजनाने खाली उतरतं. तेव्हा ताठ बसून जेवा, घासामागून पाणी प्या आणि जेवण व झोप यांत तीन तास जाऊ द्या.