आधी सायकली मोजा

मंडळी, आधी एक कबुली देतो. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात एका रस्त्यावर सायकलसाठी पट्टा आखला होता, त्याच्या नकाशावर मीही रेघा मारल्यात. नोकरीच होती ती. नकाशात पट्टा सरळसोट होता. रस्त्यावर मात्र तो पाणीपुरीच्या गाड्यापाशी सुरू व्हायचा आणि थेट विजेच्या एका डीपीला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीला, जाऊन धडकायचा. कागदावर डीपी नव्हताच. पावसाळ्यात रंग धुऊन गेला, प्लॅस्टिकचे खांब तेवढे राहिले, आणि खांबांच्या आत लोक चारचाकी लावायला लागले. आयती पार्किंग झाली ना!

तो रस्ता का निवडला, तर रुंद होता म्हणून. तिथून सायकली किती जातात, हे आम्ही कुणी मोजलंच नव्हतं.

रिटायर झाल्यावर एका दुपारी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. पहिली पाळी सुटायची वेळ. कंपन्यांची गल्ली मेन रोडला मिळते, त्या कोपऱ्यावर चहाच्या टपरीत बसलो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असं वहीत मांडत गेलो. अर्ध्या कपातच पान भरलं. सायकली कशा, तर मडगार्ड खडखडतंय, कॅरिअरला सुतळीनं बांधलेला डबा, हँडलला अडकवलेली भाजीची पिशवी. रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, सगळे तिकडचेच. सायकलिंग म्हटलं की आपल्याला रविवारी पहाटे हेल्मेट घालून दौलताबादला जाणारे आठवतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, माझा पुतण्याही जातो. पण पट्टा कुणासाठी, असं विचारलंत तर मी डबेवाल्या सायकलकडं बोट दाखवीन.

एका जणाला विचारलं, ट्रॅक पाहिजे का? तो म्हणाला, ‘‘सर, ट्रॅकचं राहू द्या. हा रोड तेवढा क्रॉस करता आला पाहिजे. ट्रक थांबतच न्हाई.’’ तीस वर्षं नकाशे काढले, पण हे मला सुचलं नव्हतं.

आता कायद्याचं. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणं साधी सायकल हे मोटार वाहन नाही. म्हणून लायसन नाही, पासिंग नाही, विम्याची सक्ती नाही. आपल्याला वाटतं, सुटलो. पण नोंदणीच नाही म्हटल्यावर आरटीओच्या रजिस्टरात सायकलचा रकानाही नाही. 2019 च्या दुरुस्तीत कलम 138 ला 1अ हे पोटकलम जोडलं. पादचारी आणि बिनइंजिनाच्या वाहनांबाबत राज्य सरकार नियम करू शकतं, असं त्यात आहे. ‘करू शकतं’ या दोन शब्दांत किती वर्षं निघून जातात, ते तुम्ही जाणताच. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना 6 महिन्यांत हे नियम करायला सांगितलं.

मला मात्र त्याहून जुना एक कागद जास्त कामाचा वाटतो. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेनं 1962 मध्ये सायकल ट्रॅकचे निकष छापले. गर्दीच्या तासाला 400 सायकली आणि 100 ते 200 मोटारगाड्या असतील, तर वेगळा ट्रॅक करावा. गाड्या 200 च्या वर गेल्या, तर 100 सायकलीही पुरेत. रुंदी किमान 2 मीटर. हे निकष हिंदुस्थानातल्या सायकली बघून इंजिनिअर लोकांनीच ठरवले होते. मग सायकली मोजायचं काम तेवढं आपलं.

केंद्र सरकारनं 2020 मध्ये सायकलींसाठी शहरांची स्पर्धा घेतली. निवडलेल्या 11 शहरांत आपल्या राज्यातली नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. चांगलं झालं. पण स्पर्धा संपली की रंगही उडतो, हे मी पाहिलंय.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. शाळेपासून 5 किलोमीटरच्या आतल्या मुलींना. बदनापूर, पैठणकडच्या रस्त्यानं सकाळी या मुली जोडीजोडीनं जाताना दिसतात. त्यातलीच एखादी पुढं कॉलेजला इथं येते. सायकल गावीच राहते. जालना रोडवर तिला सायकल चालवू देईल असा बाप मला अजून भेटायचाय.

तर आम्ही काही जणांनी मिळून मागणी बारीकच ठेवली. ट्रॅक मागितला नाही. वाळूजच्या त्या कोपऱ्यावर दुभाजकात सायकल आडवी उभी राहील एवढी जागा, आधी गतिरोधक आणि रात्री दिवा, एवढंच. वहीची झेरॉक्स अर्जाला जोडली. पहिल्या ऑफिसात सांगितलं, गल्ली आमची, रोड आमचा नाही. दुसऱ्यात सांगितलं, रोड आमचा, दिवा आमचा नाही. तिसऱ्या ऑफिसातल्या बाईंनी मात्र वही उघडली, रेघांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘‘काका, ही मोजणी एकाच दिवसाची आहे का?’’

हो, एकाच दिवसाची. म्हणून येत्या सोमवारपासून आठवडाभर मोजायचंय, तिन्ही पाळ्या. रात्रपाळीला माणसं कमी पडतायत.