साठ किलोमीटर स्वस्त, दोन किलोमीटर महाग

(दृश्य: पहाटेचा उजेड. विरार पूर्व. स्टेशनबाहेरचं पार्किंग. दुचाकींच्या रांगा. पावतीपुस्तक हातात घेतलेला म्हातारा माणूस.)

पावणेसात वाजून गेलेत. काका पावती फाडतात, तिच्यावर गाडीचा नंबर लिहितात, मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ टाकतात आणि पावतीचा अर्धा भाग ब्रेकच्या वायरीत खोचतात. उरलेला अर्धा माझ्या हातात. रोज सांगतात तेच आजही सांगतात, "हँडल लॉक करू नका हं, ताई." कारण तासाभरात इथे गाड्या इतक्या चिकटून लागणार, की आतली एक काढायची तर बाहेरच्या पाच हातांनी उचलून सरकवाव्या लागतात. साठीच्या पुढचा हा माणूस दिवसभर तेच करतो.

घरापासून इथवर दोन किलोमीटर. इथून चर्चगेट साठ किलोमीटर. या दोन अंतरांचा खर्च मी एकदा वहीत शेजारी शेजारी लिहिला, आणि ती वही माझ्यासाठी या फिल्मची सुरुवात ठरली.

(दृश्य: प्लास्टिकच्या पाकिटातला जुना पास. घामाने पुसट झालेली अक्षरं.)

हा बाबांचा लोकलचा पास. चर्नी रोडजवळच्या छापखान्यात ते अठ्ठावीस वर्षं कामाला होते. शर्टाच्या वरच्या खिशात पास, त्याच्या मागे फोटोचं ओळखपत्र, आणि पाकिटाच्या कप्प्यात गणपतीचा छोटा फोटो. पावसाळ्यात घामाने आणि पाण्याने पासावरची शाई फिकट व्हायची, तारीख वाचता येईनाशी व्हायची. मग आई बोरूसारख्या टोकदार पेनने मागच्या कागदावर तारीख लिहून ठेवायची, म्हणजे पास कधी संपतो ते विसरायला नको. आमच्या घरात कॅलेंडरवर दोनच गोष्टींना गोल असायचा. गॅस कधी लावला आणि पास कधी संपतो.

आज चर्चगेट ते विरार सेकंड क्लासचा महिन्याचा पास ३१५ रुपयांना आहे. बोरिवलीपर्यंतचा २१५. अगदी जवळच्या अंतराचा पास १०० रुपये, आणि एका वेळचं कमीत कमी तिकीट ५ रुपये. मुंबईत ५ रुपयांना आता कटिंग चहासुद्धा मिळत नाही.

हा पास इतका स्वस्त कसा, त्यामागे एक हिशोब आहे. महिन्याचा पास साधारण पंधरा फेऱ्यांच्या भाड्यावर काढलेला असतो. नोकरी करणारा माणूस महिन्याचे पंचवीस दिवस जातो-येतो, म्हणजे पन्नास फेऱ्या. भाडं पंधराचं, प्रवास पन्नासचा. आठव्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलात की पासाचे पैसे वसूल. पुढचे दिवस तुमचे. तीन महिन्यांचा पास काढला तर महिन्याच्या २.७ पट, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट. म्हणजे विरारच्या माणसाला तीन महिन्यांचे ९४५ ऐवजी साधारण साडेआठशे पडतात.

जून २०१४ मध्ये हा हिशोब बदलायचं ठरलं होतं. २० तारखेला रेल्वेने भाडेवाढ जाहीर केली आणि पास पंधराऐवजी तीस फेऱ्यांवर मोजायचं सांगितलं. सरळ दुप्पट. नवे दर २५ पासून लागू होणार होते, म्हणून मधल्या दिवसांत पासाच्या खिडक्यांसमोर रांगाच रांगा लागल्या. ज्याचा पास अजून संपला नव्हता तोही रांगेत. २४ तारखेला रेल्वेने माघार घेतली. पंधरा फेऱ्यांचा हिशोब कायम राहिला आणि उपनगरी सेकंड क्लासचं ८० किलोमीटरपर्यंतचं तिकीटही वाढलं नाही. त्या चार दिवसांत एक गोष्ट उघडी पडली. ज्या शहरात लाखो घरांचा महिन्याचा जमाखर्च एका पासावर टेकलेला आहे, तिथे तो आकडा हलला की शहर हलतं.

या पासात आपण आणखीही एक गोष्ट भरतो. तिकिटात आणि पासात एमयूटीपीचा अधिभार असतो. एमयूटीपी म्हणजे मुंबईची रेल्वे वाढवायचा प्रकल्प. बोरिवली ते विरार दोनाचे चार रूळ झाले ते याच प्रकल्पातून, २००७ मध्ये. त्याआधीची विरार लोकल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते चार रूळ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. म्हणून पासवाला फुकट्यासारखा प्रवास करतो असं कुणी म्हटलं की मला राग येतो. त्याने आपल्या रुळांचे पैसे दिलेले आहेत.

(दृश्य: नालासोपारा. नाक्यावर उभे असलेले मजूर. हातात थापी, डब्याची पिशवी.)

पण पास सगळ्यांसाठी नसतो. तो दोन स्टेशनांना बांधलेला असतो. नाक्यावर उभं राहणाऱ्या माणसाला आज काम अंधेरीला आहे की भाईंदरला, हे सकाळी साडेआठला कळतं. तो रोज तिकीट काढतो, रोज पूर्ण भाडं देतो. महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी पैसे ठेवता आले, कामाची जागा पक्की असली, तरच पासाची स्वस्ताई हाताला लागते. सगळ्यात कमी कमावणारा माणूसच किलोमीटरला पासवाल्यापेक्षा जास्त पैसे मोजतो, आणि खिडकीवरच्या कुठल्याही फलकावर हे लिहिलेलं नसतं.

करोनाच्या काळात तर याच्या उलटं झालं होतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन डोस झालेल्यांना लोकलमध्ये घेतलं, पण फक्त पासावर. एका वेळचं तिकीट ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत मिळत नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या मावशींना डोळे तपासायला एकदाच परळला जायचं होतं. त्यांनी महिन्याचा पास काढला, एकदा गेल्या, एकदा आल्या. तो पास अजून त्यांच्या देवघरातल्या फळीवर आहे.

आईकडे पास नव्हता, कूपनं होती. लग्नाची खरेदी, दादरची फुलं, माहेरच्या आजारपणाच्या खेपा, यासाठी कूपनांचं पुस्तक. स्टेशनात भिंतीवर लावलेल्या मशीनमध्ये कूपन सरकवायचं, खटकन आवाज यायचा, तारीख-वेळ उमटायची. मशीन बंद असलं की आई जिना उतरून दुसऱ्या मशीनकडे धावायची आणि मी फलाटावर गाडी येते का ते बघत उभी असायचे. ती मशीनं काढून टाकली त्याला आता दहाएक वर्षं झाली. स्मार्ट कार्डं त्याआधीच आली होती, आता पास मोबाईलमध्ये. रांग गेली हे फार चांगलं झालं. फक्त मोबाईलची बॅटरी संपली की तुम्ही विनातिकीट, आणि विनातिकिटाला भाडं अधिक कमीत कमी २५० रुपये दंड. बाबांच्या पासाची शाई पुसट व्हायची, पण टीसीला काहीतरी दाखवता तरी यायचं.

(दृश्य: फलाटावर एसी लोकल येते. काही माणसं चढतात, बरीच मागे सरकतात.)

एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर सुरू झाली. तिकीट परवडत नव्हतं, गाड्या रिकाम्या जायच्या. मग मे २०२२ मध्ये एसीचं आणि फर्स्ट क्लासचं एका वेळचं तिकीट जवळपास निम्म्यावर आणलं. ठाणे ते सीएसएमटी फर्स्ट क्लासचे १४० होते, ते ८५ झाले. गर्दी वाढली, चांगलं झालं. पण त्या वेळी कमी झाली ती तिकिटं. पास होते तिथेच राहिले. विरारहून सेकंडचा पास ३१५ चा आणि एसीचा दोन हजारांच्या पुढे, मध्ये एवढी मोठी पायरी आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने नेहमीच्या काही लोकलच्या जागी एसी लोकल सोडल्या. कळव्याला आणि बदलापूरला लोक रुळांवर आणि स्टेशन मास्तरांच्या खोलीपुढे आले. बातम्यांमध्ये तेव्हा "एसीला विरोध" असं चाललं होतं. एसीला विरोध कोण कशाला करेल? ज्या वेळेच्या गाडीवर माणसाने घर, पाळणाघर आणि हजेरी बसवलेली असते, ती गाडी समोर येऊन थांबते आणि खिशातला पास तिच्यात चालत नाही, हे दुखणं होतं. त्याच आठवड्यात रेल्वेने त्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या.

(दृश्य: वही. दोन रकाने.)

आता माझी वही. डाव्या बाजूला लोकल. महिन्याला पंचवीस दिवस, दिवसाला एकशेवीस किलोमीटर. तीन हजार किलोमीटरचे ३१५ रुपये. किलोमीटरला साडेदहा पैसे.

उजव्या बाजूला घर ते स्टेशन. शेअर रिक्षाला सीटमागे पंधरा रुपये धरा. जाताना पंधरा, येताना पंधरा, पंचवीस दिवसांचे साडेसातशे. दोन किलोमीटर जाऊन येऊन महिन्याचे शंभर किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. लोकलच्या सत्तरपट. एकटीने रिक्षा करायची म्हटली तर फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगरातलं मीटरचं किमान भाडंच २६ रुपये आहे. रोज दोनदा, महिन्याचे निदान तेराशे. गाडी घेऊन यायचं तर पार्किंगला दिवसाचे नुसते वीस धरले तरी पाचशे, पेट्रोल आणि पावसाळ्यात बदलावे लागणारे ब्रेक वेगळे. घरातली दोन माणसं दोन दिशांना जात असतील तर हे सगळं दोनदा.

मी हा हिशोब ओळखीच्या कितीतरी जणींना विचारला. पासाचे पैसे सगळ्यांना तोंडपाठ. रिक्षाचे कुणीच कधी महिन्याचे मिळून मोजले नव्हते. "मोजले तर चालतच जावं लागेल," एक म्हणाली. ती खरंच चालत जाते. पंचवीस मिनिटं. पावसाळ्यात ऑफिसच्या चपला पिशवीत.

बसचं भाडं रिक्षाएवढं नसतं, पण बस असावी लागते. मुंबईत बेस्टचं किमान भाडं २०१९ मध्ये ५ रुपयांवर आणलं तेव्हा लोक पुन्हा बसकडे वळले होते. मे २०२५ मध्ये ते १० झालं, एसी बसचं १२. तरी सुद्धा ते रिक्षाच्या खालीच. ठाणे पश्चिमेला सॅटिसचा, म्हणजे स्टेशन परिसर सुधारणा योजनेचा, पूल बांधून बस थेट स्टेशनाच्या उंबऱ्याशी आणली. नवी मुंबईत सिडकोने रेल्वेच्या खर्चातला मोठा वाटा उचलला आणि स्टेशनं उभी करतानाच आजूबाजूला जागा सोडली, म्हणून वाशी किंवा बेलापूरला उतरलं की आधी मोकळं आवार दिसतं. आमच्या बाजूची स्टेशनं जुनी. गावं होती तेव्हाची. बाजार, देऊळ, टपऱ्या आणि मग एकदम जिना. इथे जागा मागून येणार कुठून?

म्हणून मला वाटतं, पासाची चर्चा स्टेशनाच्या जिन्यापाशी थांबायला नको. ज्याच्याकडे लोकलचा पास आहे त्याला त्याच पासावर स्टेशनची बस मिळाली, त्याच पासावर गाडी लावायला सवलत मिळाली, तर विरार, बदलापूर, टिटवाळा, पनवेलच्या माणसाच्या हातात महिन्याचे चार-पाचशे रुपये राहतील. माझ्या ओळखीच्या घरांत तेवढ्यात महिन्याचं दूध नाही येत, पण मुलीच्या क्लासची फी भरायला मदत होते. शहर परवडेना म्हणून माणूस साठ किलोमीटर लांब राहायला गेला. रेल्वेने त्याला आत आणायचं काम दीडशे वर्षांहून जास्त काळ केलंय. शेवटचे दोन किलोमीटर मात्र ज्याचे त्याने बघायचे.

(दृश्य: संध्याकाळ. विरारचा फलाट. जिन्यावर गर्दी. पार्किंगमध्ये पिवळा दिवा.)

पार्किंगच्या फलकावर दर तासांच्या टप्प्यांनी लिहिलेत. दोन तास, सहा तास, बारा तास, चोवीस तास. बारा तासांचा टप्पा ज्याने ठरवला, त्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक आठ-नऊ तासांची नोकरी आणि थोडासा प्रवास असावा. विरारचा प्रवास थोडासा नसतो. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास, वर चर्चगेटला उतरून ऑफिसपर्यंत चालणं, आणि परत येताना सुटलेली एक गाडी.

काका पाच गाड्या बाजूला करतात. माझी ओढून बाहेर काढतात, सीटवरचं पाणी हाताने निपटतात. ब्रेकच्या वायरीतला कागद काढून दिव्याखाली धरतात. सकाळी ६ वाजून ४८ मिनिटं. मग मनगटावरचं घड्याळ बघतात. ७ वाजून ५.

"सतरा मिनिटं वर झाली, ताई," ते म्हणतात, आणि उरलेले पैसे घ्यायला हात पुढे करताना माझ्याकडे बघत नाहीत.