टाकी फुल, टक् वाजलं की थांबा : गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज असं काढा

नमस्कार मंडळी! पंपाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला गाडी लावून बोलतोय, कारण आत मोबाईल काढला की ओरडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. आत्ताच टाकी फुल केली, ट्रिप मीटर झिरो केला, पावती खिशात. अ‍ॅव्हरेज काढायला एवढंच लागतं, पण एवढ्याशा कामात आपण जो घोळ घालतो ना, तो बघू आज.

आपल्याकडे कसं असतं, काटा इथे होता, पाचशेचं टाकलं, काटा परत इथे आला, मधे नव्वद किलोमीटर झाले, झालं, भागाकार करून मोकळे. अहो पण गाडी जरा उतारावर उभी असली तरी काटा वेगळंच सांगतो, त्याच्यावर काय हिशोब करणार! बाईकला रिझर्व्ह टू रिझर्व्ह चालायचं, कारला टाकी फुल टू टाकी फुल, दुसरा मार्ग नाही.

फुल म्हणजे किती, तर नोझल टक् वाजून बंद पडेल तिथपर्यंत. मग पंपावरचा दादा विचारतो, "साहेब, राउंड करू का?" नाही करायचं. एक तर वरून दाबून भरलेलं पेट्रोल कॅनिस्टरमधे, म्हणजे टाकीतली वाफ अडवणाऱ्या डब्यात, जायची भीती, आणि दुसरं म्हणजे दर वेळी वेगळं राउंड झालं तर तुमचं मोजमाप गेलं. शक्यतो तोच पंप, तेच मशीन, गाडी त्याच जागी उभी. (मापाची शंका आली तर पंपावर पाच लिटरचं माप असतं, ते मागा, तो आपला हक्क आहे.)

आता माझे आकडे सांगतो. पहिली टाकी ४१२ किलोमीटर, २४.६ लिटर, म्हणजे पावणेसतरा. दुसरी ४९८ किलोमीटर, २५.१ लिटर, जवळजवळ वीस! तिसरी ४५५ आणि २५.३, अठरा. गाडी तीच, मी तोच, ऑफिसचा रस्ता तोच. वीस आलं त्या दिवशी मी घरी पेढेच वाटायचे बाकी होते. पण नोझल एक लिटर आधी टक् झालं तर पंचवीस लिटरमधे तो चार टक्क्यांचा फरक आहे, आणि पुढच्या टाकीला तोच लिटर उलटा अंगावर येतो. म्हणून तिन्ही टाक्यांचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र, १३६५ भागिले ७५, उत्तर १८.२. तिन्ही अ‍ॅव्हरेजची सरासरी काढू नका हं. घाट चढताना शंभर किलोमीटर दहाच्या अ‍ॅव्हरेजने आणि उतरताना शंभर वीसच्या, तर पंधरा होत नाही, पंधरा लिटरमधे दोनशे किलोमीटर म्हणजे १३.३ होतं.

आणि डॅशबोर्ड काय म्हणत होता? १९.६! तो इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी नळी, किती वेळ उघडा होता त्यावरून पेट्रोलचा अंदाज बांधतो, मोजत नाही. माझ्या गाडीत तो दीडेक किलोमीटर जास्त दाखवतो, तुमच्या गाडीत वेगळं असेल. ओडोमीटरही तपासा, हायवेला किलोमीटरचे दगड आहेत, पन्नास दगड मोजा, मीटर एक्कावन्न दाखवत असेल तर तुमचं अ‍ॅव्हरेज दोन टक्के फुगलेलं आहे.

एआरएआयचा (गाड्यांची चाचणी करणारी संस्था) अ‍ॅव्हरेजचा आकडा मिळत नाही म्हणून शोरूममधे भांडू नका. ती टेस्ट लॅबमधे रोलरवर होते, एसी बंद, जास्तीत जास्त वेग नव्वद. आपला सिंहगड रोड तिथे नसतो.

आता वाढवायचं कसं. सगळ्यात मोठी गोष्ट उजवा पाय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, शंभरच्या जागी ऐंशीने गेलात तर तो ३६ टक्के कमी होतो, आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर फार तर दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात. पुढचा सिग्नल लाल दिसला की अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी गिअरमधेच राहू द्या, इंजेक्शनच्या गाडीत तेव्हा पेट्रोल बंदच होतं. घाट न्यूट्रलवर उतरणारे महाभाग असतात, त्यांना सांगा, न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, वर ब्रेक तापतात ते वेगळं.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी. रिकामं कॅरिअर काढून ठेवा. एअर फिल्टर बदलून अ‍ॅव्हरेज वाढेल अशी आशा नको, नवीन पेट्रोल गाड्यांत त्याने जोर कमी-जास्त होतो, अ‍ॅव्हरेज फारसं हलत नाही. पेट्रोलच्या पाइपला लावायचं चुंबक मिळतं, ते फ्रिजला लावा.

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्याबद्दल सगळे विचारतात. इथेनॉलमधे लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यात वीस टक्के म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांचा हिशोब होतो, दहा टक्केवाल्याशी तुलना केली तर त्याच्या निम्मा. कुणी म्हणालं माझं अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलं, तर आधी विचारा, टाकी फुल करून काढलं की पाचशेचं टाकून?

मी आता पुढच्या तीन टाक्या फक्त एकच गोष्ट बदलतोय, हायवेला ऐंशी. हवा तीच, पंप तोच, एसी तसाच. १८.२ च्या पुढे निदान एक किलोमीटर तरी सरकलं तरच मी फरक पडला म्हणणार, त्याच्या आतलं सगळं नोझलचं टक्-टक्. चला, मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय, निघतो.